शून्याची चौकट

"वारा फिरला गं, दोरी रिकामी करा!"

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ही हाक बारकीच्या कानात अजून ओल्या चादरीसारखी जड होती. ओतकामाच्या कारखान्यामागच्या त्या वसाहतीत घड्याळापेक्षा वाऱ्याचा धाक जास्त. एरवी कारखान्याचं उंच धुराडं नदीकडे धूर सोडायचं. वारा फिरला की तोच धूर घरांवरून वाहायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके बसायचे. वारा फिरल्याचं सगळ्यांच्या आधी आईला कळायचं. कसं, ते तिनं कधी सांगितलं नाही. ती सज्जात यायची, मान जराशी तिरकी करायची, आणि अर्धं ओरडत, अर्धं गात म्हणायची,

वारा गं फिरला, धुराड्यानं मान वळवली,
पांढरं आधी काढा, काळी पाखरं निघाली.

मग सगळ्या बायकांची एकच धांदल. ताई उंच, म्हणून चादरी तिच्या वाट्याला. बारकी बुटकी, म्हणून मोजे आणि चिमटे तिच्या फ्रॉकच्या ओच्यात. उशीर झालेल्या एखाद्या चादरीवर ठिपका दिसला की बारकी बोटानं पुसायला जायची आणि आई तिचं मनगट धरायची. झटक, चोळू नकोस. चोळलं की पसरतं.

आता तो कारखाना नव्हता, धुराडं नव्हतं, आणि बारकीला बारकी म्हणणारं ताईशिवाय कुणी उरलं नव्हतं. हवेवर नजर ठेवणाऱ्या एका कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून ती बसायची. आकाशाकडे पाठ करून आकाश बघणारी माणसं आपण, असं तिथले लोक हसून म्हणत.

त्यांचं काम असं. रोज दुपारी एक उपग्रह शहरावरून जायचा. तो धुराचा फोटो काढत नसे. जमिनीवरून परत येणाऱ्या उन्हात काय कमी झालंय ते तो वाचायचा. इंधन जळतं तिथं एक वायू सुटतो, गाड्यांतून, भट्ट्यांतून, जनरेटरांतून. तो उन्हाचा एक बारीकसा तुकडा खातो. किती ऊन खाल्लं त्यावरून वायू किती, हे कळतं. या वायूला काजळी नसते. कपड्यावर तो ठिपका ठेवत नाही.

पण शहर स्वतः किती ओकतं हे काढायचं, तर हवेत जे सगळीकडे आधीच असतं ते वजा करावं लागतं. दूध मोजण्याआधी रिकामं भांडं काट्यावर ठेवतात, तसं. त्यासाठी तळ्यापलीकडचं गवताळ पठार फार पूर्वी निवडलं होतं. नकाशावर तिथं एक चौकोन आखलेला असे. त्याला सगळे शून्याची चौकट म्हणत. त्या चौकटीत रोज जे येईल ते शून्य धरायचं आणि उरलेल्या शहरातून तेवढं वजा करायचं. ती चौकट निवडली होती सरांनी, म्हणजे विभागाच्या प्रमुखांनी. माघारी त्यांचं नावच शून्यसाहेब पडलं होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

ताईची लेक चिऊ. तिची छाती वाजायला लागली तेव्हा ताई मोठ्या चौकाजवळ राहायची. खिडकी उघडली की बसच्या पोटातली धग घरात यायची. जन्मात कधी धाकटीचा सल्ला न घेतलेली ताई एका सुट्टीच्या दिवशी आली, नकाशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, तू सांग, पोरीला घेऊन जाऊ कुठं? बारकीनं लाल, केशरी, पिवळ्या डागांवरून बोट नेत नेत अगदी फिकट चौकोनावर टेकवलं होतं. इथं, ती म्हणाली होती. इथं काहीच नाही.

भावजी बस चालवायचे. त्यांनी लांबच्या आगारात बदली मागून घेतली. पठाराच्या कडेला नवी वस्ती उभी राहत होती, तिथं दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच आठवड्यात ताईचा फोन आला. बारके, कपडे दिवसभर बाहेर असतात गं, कुणी हाक मारत नाही. त्या वाक्यानं बारकीचा ऊर इतका भरून आला की तिला नीट हसताही येईना. आपण इतकी वर्षं लोकांसाठी नकाशे केले, पण एक नकाशा घरच्या माणसाच्या उपयोगी पडला, असं तिला वाटलं. पुढे चिऊचं कसं आहे असं ती विचारी, आणि ताई म्हणे, चाललंय.

त्या दिवशी बारकी एक नवी पद्धत लावून बघत होती. रोजचा वारा वेगळ्या दिशेचा, म्हणून वायूचं शेपूट रोज वेगळीकडे उडतं. वर्षभराच्या चित्रांची सरासरी काढली की नुसता गोल डाग उरतो, नक्की निघालं कुठून ते समजत नाही. तेव्हा प्रत्येक दिवसाचं मूळ, वजाबाकीच्या आधीचं चित्र त्या दिवसाच्या वाऱ्याइतकं फिरवायचं, म्हणजे सगळ्या चित्रांत वारा उजवीकडेच वाहतो. मग शेपटं एकावर एक बसतात, विंचरलेल्या केसांसारखी, आणि जिथून ती निघतात ती जागा भांगासारखी उघडी पडते.

नवी पद्धत आधी रिकाम्या जागेवर चालवायची असा कचेरीतला दंडक होता. जिथं काही नाही तिथं तिनं काही दाखवता कामा नये. सगळ्यात रिकामी जागा कुठली? शून्याची चौकट. बारकीनं मधोमधचा बिंदू तिथं रोवला, काम सुरू केलं आणि चहा आणायला उठली. शेजारच्या टेबलावर टोपी बसायचा. एसीच्या थंडीला घाबरून उन्हाळ्यातही लोकरी टोपी घालणारा तिचा सहकारी. तो म्हणाला, "शून्याचा फोटो काढायला एवढा वेळ कशाला? कॅमेऱ्याचं झाकण लाव आणि काढ."

ती हसत परत आली, आणि पडद्यावर बघितलं तेव्हा हसू तोंडावर तसंच राहिलं.

मधोमध एक गडद ठिपका होता. त्यातून उजवीकडे शेपूट निघालं होतं, नीट, लांब, कडेला फिकट होत गेलेलं. असं शेपूट तिनं वीजघरांवर पाहिलं होतं, सिमेंटच्या भट्ट्यांवर पाहिलं होतं. गवतावर कधी पाहिलं नव्हतं.

तिला वाटलं, आपण वारा उलटा घातला. या धंद्यातला माणूस ही चूक आयुष्यात एकदा तरी करतोच. वाऱ्याला तो येतो त्या दिशेचं नाव असतं, आणि वायू जातो पलीकडे. तिनं दिशा उलटी केली. शेपूट डावीकडे गेलं, पण ठिपका जागचा हलला नाही. तिनं वारे मुद्दाम भलत्याच दिवसांना लावले. शेपूट विरघळून गेलं. खरे वारे परत लावले, ते परत आलं. खोट्या वाऱ्याला ते दाद देत नव्हतं, खऱ्याला देत होतं. चहावर साय धरली होती. तिनं कप उचलला, आणि न पिताच खाली ठेवला.

मग तिनं एकेक वर्ष सुटं केलं. सुरुवातीची वर्षं सपाट, स्वच्छ, शाळेतल्या कोऱ्या पाटीसारखी. पुढे एका वर्षी पुसटसा डाग. मग गडद. मग अजून गडद. त्या वर्षांतल्या फिकट चौकोनावरच तिनं ताईसमोर बोट टेकवलं होतं. फिकट तो दिसणारच. त्या चौकटीतून त्याच चौकटीला रोज वजा केलं जात होतं.

टोपी उठून मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं टोपी काढली आणि हातात धरली. वरून काढलेल्या जमिनीच्या फोटोत पठारावरची जुनी दगडखाण दिसत होती, आणि खाणीच्या पोटात एक लांबलचक करडं छप्पर. खिडक्या नसलेली इमारत. मागच्या अंगाला आखूड नळकांड्यांची रांग.

"हे ते गणकघर," छपरावर रंगवलेलं नाव वाचून टोपी म्हणाला; कचेरीला येणाऱ्या बिलांवर तेच नाव असे. आवाज अगदी हळू झाला होता. "आपले नकाशे इथंच तर बनतात."

ते खरं होतं. पूर्वी कचेरीच्या तळघरात संगणकांची यंत्रं होती. नकाशे बारीक होत गेले, हिशोब वाढले, तळघर पुरेना, तेव्हा सगळं काम भाड्याच्या यंत्रांवर गेलं. ती यंत्रं कुठं ठेवलीत हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. तिथं अशा हजारो यंत्रांचा गोठा होता, अर्ध्या शहराचा हिशोब तिथं चाले. तारांतून येणारी वीज पुरत नव्हती, म्हणून मालक गॅस जाळून स्वतःची वीज करत. ऊन चढलं की यंत्रं तापत, ती थंड करायला वीज जास्त लागे, म्हणजे दुपारी सगळ्यात जास्त गॅस जळे. उपग्रह वरून जायचा तेव्हाच.

सरांना बोलावलं. ते चष्मा पुसत आले, बसले, आणि बारकीनं सगळं दाखवलं. मग म्हणाले की त्यांनी ही जागा निवडली तेव्हा तिथं सशांशिवाय कुणी राहत नव्हतं. ते स्वतः चालून आले होते तिथं. ससे बघून आले होते. त्यानंतर कुणी गेलं नाही, तेही नाही. कशाला जायचं? शून्य बघायला कोण जातं?

खाली प्रवेशदारात एक चौकट टांगलेली होती. शहराची हवा वर्षागणिक सुधारत चालल्याची उतरती रेघ. त्या रेघेसाठी केक कापला होता, टाळ्या वाजल्या होत्या, बारकीनं नवी साडी नेसली होती. ती रेघ आता तिघांच्याही डोळ्यांपुढे एकदम आली असावी, कारण तिघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. शहर सुधारलं नव्हतं, त्यातून दर वर्षी जास्त वजा होत होतं. शून्य चढलं होतं.

सर उठले, टेबलाला धरून. पुढचा अहवाल थांबवायचा, झालेले सगळे मागे घ्यायचे, नगरपालिकेला ते स्वतः सांगणार होते, आजच. हे सगळं ते दाराकडे जाता जाता, जणू दाराला सांगत होते. दारात थांबले.

"तुझी बहीण तिकडंच राहते ना गं?"

बारकीनं मान हलवली. ठिपका दिसल्या क्षणापासून ती तेवढ्या एका वाक्यापासून पळत होती. वारा उलटा घालून पळाली, वर्षं सुटी करून पळाली. ते वाक्य शेवटी दुसऱ्याच्या तोंडून आलं, आणि तिनं पडदा बंद करून पर्स उचलली.

तळ्यापलीकडे जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करायला गेली की शब्द ओल्या साबणासारखे हातून निसटत. ताईचा थांबा यायच्या एक थांबा आधी ती उतरली. तिला ते बघायचं होतं. रस्त्याच्या कडेनं कुंपण, कुंपणामागं गवत, गवतामागं ते करडं छप्पर. मोठ्या मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकसुरी घूंघूं. धूर नव्हता. वास म्हणावा तर तोही जेमतेम. फक्त नळकांड्यांच्या तोंडावरची हवा थरथरत होती, आणि तिच्यामागची टेकडी पाण्यात बघावी तशी हलत होती. आई असती तर तिनं काय केलं असतं? तिनं मान तिरकी केली असती, आणि तिलाही काही कळलं नसतं. काळी पाखरं नव्हतीच. फाटकावरचा रखवालदार बोलका निघाला. कुणाकडे जायचंय विचारलं, आणि पत्ता ऐकून म्हणाला की चांगली वस्ती आहे, हवेसाठी लोक मुद्दाम येतात राहायला.

बारकीनं तोंड फिरवून वारा कुठला आहे ते बघितलं. गवत वस्तीकडे वाकलं होतं.

ताई रुग्णालयासाठी चादरी आणि उशांचे अभ्रे शिवून, धुऊन द्यायची. तिच्या घरामागं दोऱ्याच दोऱ्या होत्या, आणि त्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, एका रेघेत, एक ठिपका नाही. बारकीला त्यांच्याकडे बघवेना.

जिन्यात मधल्याच पायरीवर चिऊ बसली होती, शाळेचं दप्तर पाठीवर तसंच. खांदे जरा वर चढलेले.

"इथं काय करतेस गं?"

"पायऱ्या मोजतेय." चिऊ मध्ये थांबून म्हणाली. "मावशी, तू शाळा बुडवलीस का?"

"बुडवली. सांगू नकोस कुणाला."

"तुझ्या सरांना... फोन करीन." ती हसली, आणि हसण्यासाठी तिला आणखी एकदा श्वास घ्यावा लागला. बारकी तिच्याशेजारी टेकली. ती फक्त त्या छोट्या पाठीवर हात ठेवून होती, आणि हाताखाली कुणीतरी बारीक, लांबवर शीळ घालत होतं. जरा वेळानं चिऊ उठली, मावशीचं बोट धरून वर आली आणि जेवून चित्रं काढत बसली.

बारकी खाली मागच्या अंगणात गेली. तिथं ताई चादरी उतरवत होती. दारापाशी मांजरीची जुनी वाटी होती, तिच्यात आता चिमटे होते. मांजर पळून गेल्याचं ताईनं मागं कधीतरी फोनवर सांगितलं होतं. चिऊनं त्या मांजरीवर जीव ओवाळून टाकला होता, तरी त्यानंतर तिचं नाव काढलं नाही याचं बारकीला तेव्हा नवल वाटलं होतं.

"बरी आलीस," ताई म्हणाली. "धर तिकडून."

दोघींनी चादरीची टोकं धरली. लहानपणापासूनची सवय. ओढायची, झटकायची, मधे जवळ यायचं, टोकाला टोक द्यायचं, पुन्हा लांब जायचं. पहिली चादर झाली. दुसरी झाली. ताई भावजींची गंमत सांगत होती, सुट्टीच्या दिवशी घरातल्या घरात चालतानाही वळताना हात बाहेर काढतात म्हणून. बारकी हसली नाही. तिसऱ्या चादरीला, दोघी टोकाला टोक द्यायला जवळ आल्या तेव्हा, बारकीनं ताईची बोटं चादरीसकट धरून ठेवली.

आणि तिनं सांगितलं. घाईघाईनं, वाकडंतिकडं, मागचं पुढं करून. ते छप्पर, तो गॅस, ती चौकट. की जिथं शून्य लिहिलं होतं तिथं शून्य नव्हतं, ते शून्य त्यांनीच तिथं धरलं होतं. की दुपारी सगळ्यात वाईट असतं, पोरं शाळेतून येतात तेव्हा. की दिसत काही नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

"आजच्या आज चिऊला घेऊन माझ्याकडे चल," ती म्हणाली. "भावजींना मी सांगते. ताई, मी तुला इथं आणलं गं. मी बोट ठेवलं होतं."

ताईनं बोटं सोडवून घेतली. ती रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं जणू दोरीवरून उतरवून नेलं होतं. तिनं चादरीची राहिलेली घडी घातली, तळहातानं दाबली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. वरून चिऊचा खोकला आला. एक, आणि मग बराच वेळ काही नाही. ताई त्या शांततेकडे कान देऊन उभी राहिली. मग ती बोलायला लागली, आणि बोलताना बारकीकडे बघत नव्हती.

"मला ठाऊक होतं, बारके. हवेचं नाही. पोरीचं. इथं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिचं वाढलं. डॉक्टर दर वेळी विचारायचे, घराजवळ काही जळतं का? भट्टी, कारखाना? मी म्हणायचे, छे हो, माझी बहीण वरून बघते सगळं, तिथं काही नाही. मग ते तरी काय करणार? म्हणाले, गालिचा काढा. काढला. उशा बदलल्या. दूध बंद केलं. पळणं बंद केलं. मांजर पळाली नाही गं, मी दिली ती. पोरगी दारात उभी राहून बघत होती. तुला कसं सांगू? तू इतकी खूश होतीस."

तिनं चादर छातीशी धरली.

"आणि एकदा तिला फार धाप लागली. मी दमले होते, शिवण राहिलं होतं. ती म्हणाली, आई, मला इथली हवा आवडत नाही. मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, हवेत काही नाही, मावशीनं बघितलंय. जे आहे ते तुझ्यातच आहे." ताईचा आवाज आता आईच्या हाकेसारखा झाला होता, अर्ध्यावर श्वास संपलेला. "तेव्हापासून धाप लागली की ती मला सांगत नाही. जिन्यात बसते. मी विचारलं तर म्हणते, पायऱ्या मोजतेय. आणि मला ठाऊक असतं, बारके. रोज मला ठाऊक असतं, आणि मी विचारते, किती झाल्या?"